परभणीतील भाषणवर्ग : आठ रविवार, चौदा वेळा उभे राहणे

परभणी शहरात वसमत रस्त्यालगतच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरील एका लांबट खोलीत, दर रविवारी सकाळी आठ ते अकरा या वेळेत सभेत बोलायला शिकवणारा एक वर्ग भरतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सलग आठ रविवार, मी त्या वर्गाला गेलो. शुल्क ४,५०० रुपये होते आणि तुकडीत आम्ही अठरा जण होतो. वर्गाचे नाव मी येथे देत नाही. त्यातील काही गोष्टींविषयी मला तक्रार नोंदवायची आहे, आणि प्रामाणिकपणे चाललेल्या एका लहान उपक्रमाच्या नावाला ती कायमची चिकटून राहावी असे मला वाटत नाही. शिवाय असे वर्ग आता लातूर, नांदेड, बीड, जालना सगळीकडे निघाले आहेत, तेव्हा वाचकाला आपल्या गावातील वर्ग पारखून घेता यावा, हा या लेखनाचा मुख्य हेतू आहे.

मी कृषी सहायक आहे. माझ्याकडे सात गावे आहेत आणि शेतकऱ्यांपुढे उभे राहून बोलणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. बांधावर एका शेतकऱ्याशी बोलताना मला कधी अडचण आली नाही. पण समोर पंधरा-वीस माणसे बसली की घशाला कोरड पडायची, तळहात ओले व्हायचे आणि पाठ केलेले सगळे विसरायला व्हायचे. मागच्या वर्षी मे महिन्यात एका गावी मारुतीच्या मंदिरासमोरच्या सभामंडपात खरीपपूर्व सभा होती. साठेक माणसे जमली होती आणि वरिष्ठ अधिकारीही आले होते. मी कागदावरचे वाचून दाखवले, तेही मान खाली घालून. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, घरचंच बी पेरायचंय, ते उगवंल का न्हाई हे कसं वळखायचं?" या प्रश्नाचे उत्तर मला झोपेतही देता आले असते. त्या दिवशी मात्र तोंडातून शब्दच फुटला नाही. "नंतर सांगतो" असे पुटपुटून मी खाली बसलो. त्या शेतकऱ्याने दुसऱ्या कोणाला विचारले की तसेच बी पेरले, हे मला पुढे कळले नाही, आणि ही गोष्ट माझ्या मनाला अजूनही लागून राहिली आहे.

त्यानंतर मी आधी एका मोठ्या शहरातील हॉटेलच्या सभागृहात झालेल्या एक दिवसाच्या आत्मविश्वास कार्यशाळेला गेलो. त्या कार्यशाळेचे पंधराशे रुपये गेले. सभागृहात दोन-अडीचशे माणसे होती. व्यासपीठावरील व्याख्याते सकाळपासून संध्याकाळपर्यंत अतिशय प्रभावी बोलले, आम्हाला उभे करून टाळ्या वाजवायला लावल्या, मोठमोठ्याने वाक्ये म्हणायला लावली, आणि परतताना बसमध्ये मला खरोखरच हलके वाटत होते. पण त्या संपूर्ण दिवसात आमच्यापैकी एकालाही एक मिनिटभर सलग बोलायला मिळाले नाही. पुढच्या आठवड्यात गावातील बैठकीत माझी गत पूर्वीसारखीच झाली. विहिरीच्या काठावर बसून पोहण्याविषयी दिवसभर ऐकले म्हणून कोणी पोहायला शिकत नाही, हे मला तेव्हा उमगायला हवे होते.

परभणीच्या वर्गाचा वेगळेपणा पहिल्याच रविवारी लक्षात आला. तो वर्ग चालवणारे सर निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या मदतीला नाट्यशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या एक ताई असतात. सरांनी स्वागताचे चार शब्द बोलून झाल्यावर लगेच एकेकाला उभे केले आणि एवढेच सांगितले की, आज सकाळी घरातून निघून इथपर्यंत कसे आलात ते एका मिनिटात सांगा. विषय असा होता की त्यात चुकायला जागाच नव्हती, कारण आपल्या वाटेची माहिती आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? पूर्णा तालुक्यातून रेल्वेने आलेल्या मुलीने गाडीतील गर्दी सांगितली, पाथरी तालुक्यातील बचत गटाच्या मावशींनी सुनेवर सकाळची भाकरी टाकून निघाल्याचे सांगितले, मी जिंतूरकडच्या रस्त्यावरील धुक्याचे वर्णन केले. माझा आवाज थरथरत होता. तरीही मिनिट पूर्ण झाले आणि सरांनी लगेच पुढच्याचे नाव पुकारले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी धीरही दिला नाही. जे घडले ते अगदी साधेच आहे, असे वाटायला लावणारी ती पद्धत मला फार मोलाची वाटली.

तीन तासांचा हिशेबही येथे द्यायला हवा. प्रत्येकाला तीन मिनिटे तयारीचे भाषण आणि त्यावर तीन मिनिटे इतरांचे अभिप्राय मिळत. अठरा जणांचे मिळून त्यात एकशे आठ मिनिटे जात. शिवाय बहुतेक रविवारी चिठ्ठी उचलून एक मिनिट आयत्या वेळी बोलायचे असे. मध्ये चहाची पंधरा मिनिटे. सरांच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटे उरत आणि ते ती ओलांडत नसत. आठ रविवारांत मी एकूण चौदा वेळा उभा राहिलो. शुल्काला चौदाने भागले तर दर खेपेला सुमारे ३२१ रुपये पडतात. आमच्यासारख्या पगारदारालाही ही रक्कम लहान नाही, आणि बचत गटाच्या मावशींनी ती दोन हप्त्यांत भरली, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही पैसे वसूल झाले असेच मी म्हणेन.

भीतीविषयी सरांनी जे सांगितले ते उपदेशाच्या सुरात सांगितले नाही, शरीरशास्त्राच्या अंगाने सांगितले. धोका दिसला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करते; अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदय जोरात धडधडते, लाळ आटते, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त वळते आणि हात कापतात. समोर वाघ असो वा श्रोते असोत, शरीर दोन्हींना सारखाच प्रतिसाद देते. जर्मनीतील ट्रीअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये माणसावर ताण आणून तो मोजण्याची एक चाचणी मांडली. तिच्यात सहभागी व्यक्तीला भावशून्य चेहऱ्याने बसलेल्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे बोलायला आणि नंतर तोंडी वजाबाकी करायला लावतात. तेवढ्याने रक्तातील व लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक ठळकपणे वाढते. प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्यासाठी ही चाचणी आजही जगभर वापरली जाते. हे ऐकल्यावर माझ्या मनावरचा एक मोठा भार उतरला. इतकी वर्षे मी ज्याला स्वतःचा भित्रेपणा समजत होतो, ते निरोगी शरीराचे नेहमीचे काम होते.

उपाय म्हणून शिकवलेला श्वासाचा व्यायामही तितकाच साधा होता. चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा आणि आठ आकडे मोजत सावकाश सोडायचा. उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणे घेण्यापेक्षा लांब हवे, एवढेच त्यामागचे सूत्र. आपली पाळी येण्याआधी खुर्चीत बसल्या बसल्या पाच-सहा वेळा असे केले की पहिल्या वाक्यापुरता आवाज तरी ताब्यात राहतो, असा माझा अनुभव आहे.

त्या पहिल्या वाक्याबद्दल सर फार काटेकोर होते. सुरुवातीची दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य शब्दशः पाठ हवे, मधला भाग मात्र कधीही पाठ करायचा नाही, फक्त चार मुद्दे ध्यानात ठेवायचे, हा त्यांचा नियम. त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो आपल्याच भागातला. नामदेवांची नरसी आणि जनाबाईंचे गंगाखेड जवळ असलेल्या या मुलखात कीर्तन ऐकले नाही असा माणूस विरळाच. वारकरी कीर्तनकार उभा राहिल्याबरोबर निरूपणाला हात घालत नाही. आधी नामघोष होतो, टाळकरी साथ धरतात, मग अभंग म्हटला जातो, आणि तोवर बुवांचा श्वास आणि सभेचे कान दोन्ही जागेवर आलेले असतात. पुढे ते दोन तास बोलले तरी हातातला अभंग सुटत नाही. लहानपणापासून हे पाहत आलो होतो, पण ही रचना बोलणाऱ्याच्या सोयीची आहे हे मला त्या खोलीत प्रथमच कळले.

अभिप्रायाची पद्धत शिस्तीची होती. दर भाषणाला एक जण वेळ मोजायचा, एक जण बोलणाऱ्याच्या लकबी टिपायचा आणि एक जण आशयावर बोलायचा. ही कामे आळीपाळीने सर्वांना करावी लागत. दुसऱ्या रविवारी माझ्या तीन मिनिटांत "तर" हा शब्द एकोणीस वेळा आल्याची नोंद झाली. ऐकून कान तापले, पण पुढच्या रविवारी ते सात झाले. दुसऱ्यांच्या लकबी टिपण्याचा आणखी एक फायदा झाला. श्रोत्याच्या खुर्चीत बसून मी नीट पाहिले तेव्हा ध्यानात आले की बोलणारा अडखळला तर ऐकणारा त्याची चूक मोजत बसत नाही, तो पुढचे वाक्य यायची वाट पाहतो.

चौथ्या रविवारी आमची भाषणे मोबाईलवर टिपून ज्याची त्याला दाखवली. माझे गुडघे लटपटत होते आणि ते सगळ्यांना दिसले असणार, अशी माझी खात्री होती. चित्रफितीत एक बऱ्यापैकी शांत, थोडा घाईने बोलणारा माणूस दिसत होता. ताईंनी सांगितले की मनातली धडधड बाहेर दिसते असे बोलणाऱ्याला जेवढे वाटते तेवढी ती दिसत नाही. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे प्रयोगातून दाखवले, आणि त्यांच्या प्रयोगात ज्यांना ही गोष्ट भाषणापूर्वी समजावून सांगितली होती त्यांची भाषणे श्रोत्यांनाही अधिक चांगली वाटली. नुसती ही माहिती मनात असणे उपयोगाचे ठरते, याची साक्ष मी देऊ शकतो.

सहावा रविवार मात्र मी विसरणार नाही. त्या दिवशी एखादी वस्तू हातात घेऊन समजावून सांगायची होती. मी आठवडाभर आधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घेतले होते, गोणपाटाच्या भिजवलेल्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडले होते, वरून दुसरा ओला तुकडा झाकून गुंडाळी केली होती आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडले होते. ती गुंडाळी पिशवीत घालून वर्गात नेली. बोलायला उभा राहिलो तेव्हा छाती नेहमीसारखीच धडधडत होती. पाठ केलेली दोन वाक्ये म्हणालो आणि टेबलावर गोणपाट उलगडायला लागलो. ओल्या तागाचा वास खोलीभर पसरला. पांढरे कोंब वाकून वर आलेले होते, काही दाणे नुसतेच फुगून राहिले होते, दोन-चार बुरशीने काळे पडले होते. पहिली ओळ मोजली, आठ. दुसरी, सात. तिसऱ्या ओळीला मागच्या खुर्च्यांवरची मंडळी उठून टेबलाभोवती आली आणि माझ्याबरोबर मोजायला लागली. एकूण चौऱ्याहत्तर भरले. सत्तरच्या वर उगवण असेल तर बी पेरायला चालते, कमी असेल तर त्या प्रमाणात एकरी बियाणे वाढवावे लागते, सोयाबीनचे टरफल नाजूक असल्याने पोती आपटू नयेत आणि एकावर एक उंच थप्पी लावू नये, हे सगळे मी कागदाकडे न पाहता सांगत गेलो. वेळेची घंटा झाली ती मला ऐकूही आली नाही. बचत गटाच्या मावशी कोंबाला बोट लावून म्हणाल्या, "आता मपल्या घरचं बी बी असंच करून बघते." हात तेव्हा थरथरत नव्हते, कारण त्यांना काम होते, आणि माझे लक्ष मी कसा दिसतो याऐवजी दाण्यांवर होते. मे महिन्यात ज्या प्रश्नापुढे मी गप्प झालो होतो, त्याचेच उत्तर मी नकळत देऊन बसलो होतो.

आता तक्रारी. पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर तक्रार भाषेबद्दलची आहे. याच मावशी तिसऱ्या रविवारी गटाच्या कर्जफेडीविषयी बोलत असताना "मपलं" म्हणाल्या आणि ताईंनी भाषण मध्येच थांबवून "माझं म्हणा" असे सांगितले. मावशी "माझं" म्हणाल्या, आणि मग त्यांना पुढचे काही आठवेना. दीड मिनिटात त्या खाली बसल्या. ताईंचा हेतू वाईट नव्हता, पण जन्मापासून तोंडात बसलेली बोली सभेत चालत नाही असे माणसाला सुचवले की त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतल्यासारखे होते. ज्या शेतकऱ्यांपुढे आणि ज्या बायांपुढे आम्हाला बोलायचे आहे तेही "जायलो", "करायलो" असेच बोलतात. प्रमाण मराठी शिकवावी, ती अर्ज-निवेदनांना आणि परगावच्या सभांना लागते. पण ती शिकवण्यासाठी भाषण तोडू नये. मी हे लेखी कळवले, आणि पुढच्या रविवारपासून उच्चारांविषयीच्या सूचना भाषण संपल्यावर देण्यात येऊ लागल्या. एवढा बदल करण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

दुसरी तक्रार चित्रफितींची. आमच्या भाषणांचे काही तुकडे वर्गाच्या जाहिरातीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आमची परवानगी न घेता फिरवले गेले. ज्या माणसाने आयुष्यात प्रथमच लोकांपुढे तोंड उघडले, त्याचे अडखळणे त्याच्या नातेवाइकांच्या मोबाईलवर आधी पोचावे, हे बरोबर नाही. विरोध केल्यावर ते काढून टाकले, पण मुळात विचारायला हवे होते. सातव्या रविवारचा बाहेरच्या पाहुण्यांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा तासही मला वाया गेल्यासारखा वाटला, कारण त्यात पुन्हा पाहुणेच बोलले. छापील टिपणे सामान्य आहेत. जिना अरुंद आहे, वयस्क माणसाला त्रास होतो.

एक बाब तक्रारीपेक्षा काळजीची आहे. आमच्या तुकडीतील एका तरुणाला पाळी जवळ आली की श्वास लागायचा आणि तो खोलीबाहेर निघून जायचा. तो तीन आठवड्यांनी यायचा बंद झाला. लोकांपुढे बोलण्याची साधी भीती सरावाने ओसरते. पण भीती एवढी असेल की माणूस कामाच्या मुलाखती, लग्नकार्ये, बँकेतील चौकशीसुद्धा टाळू लागला असेल, तर तो सामाजिक भयाचा विकार असू शकतो, आणि त्यावर मानसोपचार, विशेषतः विचार व वर्तन बदलण्याचे उपचार, चांगले लागू पडतात. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी मराठीतूनही उपयोगी पडतो. भाषणवर्गाने अशा माणसाला पुन्हा पुन्हा उभे करण्यापेक्षा योग्य ठिकाणी पाठवायला हवे. प्रवेश देताना दोन-चार प्रश्न विचारून हे ओळखण्याची सोय वर्गात असावी, असे मी सरांना सुचवले आहे.

यंदाच्या मे महिन्यात त्याच गावी, त्याच सभामंडपात खरीपपूर्व सभा झाली. मी ओले गोणपाट घेऊन गेलो. सुरुवातीला छाती धडधडलीच. आठ रविवारांत ती धडधड गेली असे मी म्हणणार नाही, आणि जी जाहिरात तसे सांगते तिच्यावर कोणी विश्वास ठेवू नये. फरक असा पडला की धडधड चालू असताना मी बोलू शकलो. उगवणशक्तीची चाचणी दाखवली, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरण्याची घाई करू नका असे सांगितले, आणि प्रश्न विचारले गेले तेव्हा खाली बसलो नाही. एका प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. "विद्यापीठात विचारून पुढच्या आठवड्यात सांगतो" असे सरळ म्हणालो आणि तसे सांगितलेही. मागच्या वर्षी प्रश्न विचारणारे ते आजोबा पुढच्या रांगेत बसले होते. सभा संपल्यावर त्यांनी गोणपाट मागून घेतले आणि दाणे पुन्हा एकदा स्वतः मोजले.

ज्यांना रोजच्या कामात चार माणसांपुढे उभे राहावे लागते, अशा ग्रामसेवक, आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा, नवे सरपंच, विमा प्रतिनिधी यांना हा वर्ग मी निःसंकोचपणे सुचवीन. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवण्यासाठी मुलाला पाठवायचे असेल तर मात्र हा वर्ग त्यासाठी नाही. येथे हातवारे आणि सुभाषिते शिकवत नाहीत. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे आणि पहिल्या रविवारी शुल्क न भरता बसता येते. हा वर्ग असो वा आपल्या गावातील दुसरा कोणता असो, त्या दिवशी मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवावे आणि शिकवणारे किती मिनिटे बोलतात व शिकायला आलेले किती मिनिटे बोलतात, ते मोजून मगच पैसे भरावेत.